नगर : इमारतींचे की लेकरांचे?

‘मुलांच्या भल्यासाठी’ एवढे शब्द उच्चारले की आपल्या समाजात आज कोणत्याही निर्णयाचे समर्थन होऊन जाते. वाडी विकली ती मुलांच्या भल्यासाठी. बैठे घर पाडून तेथे चार मजले उभे केले तेही मुलांच्या भल्यासाठी. कुणी गाव सोडून स्टेशनलगतच्या संकुलात सदनिका घेतली, कुणी वसई सोडून बोरिवली गाठली, कुणी कॅनडाची वाट धरली. कारण विचारावे तर उत्तर तेच. या उत्तरामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आईबाप लेकरांचे वाईट कधी चिंतीत नसतात. शंका आहे ती त्यांच्या हिशेबाविषयी. राहण्यासाठी जागा निवडताना आपण काय काय मोजतो? सदनिकेचे क्षेत्रफळ, स्टेशनचे अंतर, शाळेचे नाव, मोटार उभी करण्याची सोय आणि पाच-सात वर्षांनी त्या जागेला येणारा भाव. या हिशेबात मूल कोठे आहे? त्याच्या नावाने झालेल्या खरेदीत त्याच्या वाट्याला काय आले, याचा विचार कुणी केलेला असतो काय?

कुटुंब वाढविण्यास एखादे नगर चांगले की वाईट हे ठरविण्याची एक साधी कसोटी मी वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ज्या नगरात दहा वर्षांचे मूल, मग तो मुलगा असो वा मुलगी, कुणाचा हात न धरता शाळेत, मैदानावर, वाण्याच्या दुकानात आणि आजीच्या घरी पायी जाऊन सुखरूप परत येते, ते नगर चांगले. जेथे हे घडत नाही, ते नगर कितीही उंच आणि कितीही लखलखीत असले तरी कुटुंबासाठी वाईट. इतर सर्व गोष्टींचा विचार यानंतर.

ही कसोटी वरवर पाहता फार लहान वाटेल. परंतु तिच्या पोटात नगररचनेचे सारे शास्त्र दडलेले आहे. मूल पायी जायचे तर पदपथ हवा, आणि तो मोकळा हवा. त्यावर दुचाक्या, खडीचे ढीग आणि उघडी गटारे असता कामा नयेत. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर हवी. मैदान हवे आणि त्याचे फाटक उघडे हवे. रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीला कुणी त्रास देणार नाही, दिलाच तर ओट्यावरची, दुकानातली चार माणसे धावून येतील, एवढी ओळख आणि एवढी लाज त्या वस्तीत शिल्लक हवी. जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली अमेरिकन शहरांविषयी ग्रंथ लिहून हाच मुद्दा मांडला होता. रस्ता सुरक्षित ठेवतात ती मुख्यतः तेथे राहणारी, ये-जा करणारी, सहज लक्ष ठेवणारी माणसे. पोलीस त्यानंतर येतात. आणि आजीच्या घरी जायचे तर आजी जवळ राहत असली पाहिजे. म्हणजेच त्या वस्तीत घराची किंमत तीन पिढ्यांना परवडली पाहिजे.

या विचाराला आपल्या पवित्र शास्त्रातही आधार आहे. उद्ध्वस्त झालेले यरुशलेम पुन्हा वसेल तेव्हा ते कसे दिसेल, हे जखऱ्या संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे तो बुरुजांची उंची सांगत नाही की बाजारातील उलाढाल सांगत नाही. काठी टेकीत चौकात बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या आणि रस्त्यांत खेळणारी मुले-मुली, एवढ्या दोनच खुणा तो देतो. नगराच्या कल्याणाची याहून नेमकी मोजपट्टी आधुनिक नगररचनाकारांनाही सापडलेली नाही.

आता ही मोजपट्टी आपल्या वसई-विरारला लावू या.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुनी वसई म्हणजे स्वर्ग होता, असे म्हणण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. केळीच्या वाड्या, रहाट, बावखले आणि पानवेलींचे मांडव यांची आठवण काढून उसासे टाकणारे लेख पुष्कळ झाले. त्या वसईत दारिद्र्य होते. बाळंतीण अडली तर वेळेवर डॉक्टर मिळत नसे. शिकण्याची इच्छा असलेल्या कित्येक मुलींना चौथीनंतर वाडीत राबावे लागे. तेथे परत जावे असे कुणी म्हणू नये. परंतु त्या वसईतले दहा वर्षांचे पोर पाटी-दप्तर घेऊन एकटे शाळेत जात होते, संध्याकाळी आळीत खेळत होते, आणि दिवेलागणीला न बोलावता घरी येत होते. दारिद्र्य गेले हे उत्तमच झाले; त्याच्याबरोबर मुलाचे पाऊलही का गेले, हा माझा प्रश्न आहे. दवाखाना यावयाचा म्हणून पदपथ जावा असा काही नियम नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. १९९०मध्ये या उपप्रदेशाच्या नियोजनाची जबाबदारी सिडकोकडे गेली. २००९मध्ये चार नगरपालिका व ५३ गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. २०११च्या जनगणनेत या महानगराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर भरली. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी आपल्याला सोडून गेले. त्यांच्या चळवळीला अनेकांनी विकासविरोधी म्हणून हिणवले. झाडांवर प्रेम करणारे भाबडे लोक, असेही म्हटले गेले. परंतु तो प्रश्न केवळ झाडांचा कधीच नव्हता. पावसाचे पाणी जेथे जिरत होते ती बावखले बुजवली, जेथून ते खाडीकडे जात होते ते नाले अरुंद केले, आणि जुलै २०१८मध्ये आपण काय पाहिले? लोहमार्ग पाण्याखाली, रस्ते पाण्याखाली, दिवसेंदिवस वीज नाही, दूध नाही. तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरले तेव्हा लहानग्यांना पोटमाळ्यावर बसवून आईबापांनी रात्री काढल्या. बुजवलेल्या बावखलाचा हिशेब अखेर मुलांनीच चुकता केला.

याहून भयंकर हिशेब पुढे यावयाचा होता. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस, गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री, विरार पूर्वेतील एका चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग कोसळला आणि १७ माणसे गेली. एका वर्षाच्या बालिकेचा पहिला वाढदिवस त्याच रात्री त्या इमारतीत साजरा झाला होता; मृतांत तीही होती. ती इमारत जेमतेम तेरा वर्षांची होती. त्याच वर्षाच्या आरंभापर्यंत नालासोपारा येथील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. ज्या भूखंडावर त्या उभ्या होत्या, तो विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेला होता. एक्केचाळीस इमारती एका रात्रीत उगवत नाहीत. त्या उभ्या राहत असताना वीज जोडणारे होते, कागद करून देणारे होते, डोळे मिटणारे होते. शिक्षा मात्र झाली ती आयुष्याची पुंजी देऊन त्या घरांत राहायला आलेल्या कुटुंबांना आणि त्यांच्या शाळकरी मुलांना.

येथे आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी एक युक्तिवाद हमखास करतात. ‘हे सगळे बाहेरच्यांमुळे झाले. एवढी माणसे आली, मग आणखी काय होणार?’ हा युक्तिवाद मला मान्य नाही, आणि कोणत्याही ख्रिस्ती माणसाला तो मान्य होऊ नये. आलेली माणसे म्हणजे टोळधाड नव्हे. मुंबईत ज्यांना खोली परवडली नाही अशी ती कुटुंबे आहेत. तुमच्या-माझ्यासारखीच, मुलांच्या भल्यासाठी आलेली. आणि ती आकाशात राहायला आली नाहीत. ती ज्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घरांत आली, ती जमीन कुणीतरी विकली होती. सह्या करणाऱ्यांत बाहेरचे किती होते आणि आपले किती होते, हे आपल्या गावागावांतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाव घेताना आपण डोळे मिटले आणि आता गर्दी झाली म्हणून नाक मुरडतो; या नाक मुरडण्याला संस्कृतिरक्षण म्हणता येणार नाही.

दुसरा युक्तिवाद श्रीमंतीचा. ‘पदपथ, मैदाने, सुरक्षित रस्ते हे युरोपातले चोचले, आपल्या गर्दीच्या देशाला ते परवडणारे नाहीत.’ या मंडळींनी दोन उदाहरणे पाहावीत. पहिले नेदरलँड्सचे. तो देश आज सायकलींसाठी आणि मोकळेपणी हिंडणाऱ्या मुलांसाठी प्रसिद्ध आहे. तो जन्मतः तसा नव्हता. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक बालके होती. आपली लहान मुलगी रस्त्यावर गमावलेल्या एका पत्रकाराने लेखणी उचलली, ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली, आयाबाया मुलांना घेऊन रस्त्यांवर बसल्या. सरकारला नमावे लागले. वस्तीतल्या रस्त्यांवर मोटारींचा वेग पादचाऱ्याच्या चालीशी जुळवून घेण्याचे नियम झाले, सायकलींचे मार्ग आखले गेले. २०१० साली रस्त्यावर मरण पावलेल्या बालकांची संख्या चौदावर आली होती. हे श्रीमंतीने झाले नाही. आईबापांच्या हट्टाने झाले.

दुसरे उदाहरण तोक्योचे. गर्दीचे कारण सांगणाऱ्यांसाठी ते मुद्दाम देत आहे; कारण तोक्यो महानगर प्रदेशात साडेतीन कोटींहून अधिक माणसे राहतात. तेथे पहिलीतली मुले पाठीवर दप्तर घेऊन पायी शाळेत जातात. कारणे दैवी नाहीत. प्राथमिक शाळा वस्तीतच असते आणि बहुसंख्य मुले त्याच शाळेत जातात. शिवाय १९६२च्या कायद्यापासून तेथे मोटार विकत घेणाऱ्याला ती उभी करण्याची जागा आपल्यापाशी असल्याचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे काय आहे? मोटार स्वतःची आणि ती उभी करण्याची जागा सर्वांची. दारासमोरचा सार्वजनिक रस्ता आपण आपल्या चारचाकीला आंदण दिला आणि त्या रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला घरात कोंडले.

या कोंडण्याला भीती हे कारण दिले जाते, आणि ती भीती खोटी नाही. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर एक लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते आणि नऊ हजारांहून अधिक मृतांनी वयाची अठरा वर्षेही पुरी केलेली नव्हती. परंतु भीतीवर आपण शोधलेला उपाय पाहा. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर दुचाक्या आणि मोटारी यांची जी झुंबड उडते, ती कुणाची असते? अर्ध्या किलोमीटरवर राहणाऱ्या मुलाला वाहनांपासून वाचविण्यासाठी आपण आणखी एक वाहन रस्त्यावर आणतो. आणि जे मूल पायी येते त्याच्या जिवाला धोका वाढवितो. धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलांचीही तीच गत. शेजाऱ्याच्या लेकरावर प्रेम करण्याचा धडा शिकण्यासाठी आपले लेकरू शेजाऱ्याच्या लेकराच्या अंगावरून गाडी नेत आणायचे, ही विसंगती कुणाला खटकत कशी नाही?

शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे अपेक्षित आहे. अनेक गावांत ती आहेही. परंतु घराजवळची शाळा प्रतिष्ठेची नसते. म्हणून पाच वर्षांचे पोर पहाटे उठून तासभर बसमध्ये हिंदकळत दूरच्या शाळेत जाते. त्याच्या शाळेतला मित्र त्याच्या आळीत राहत नाही आणि आळीतला मुलगा त्याच्या शाळेत येत नाही. मग संध्याकाळी त्याने कुणाबरोबर खेळावे? त्याला मोबाइलचा नाद लागला म्हणून आपण त्याच्यावर ओरडतो. परंतु तो हातात देण्यापूर्वी आपण त्याच्याकडून काय काय काढून घेतले, याची यादी एकदा करून पाहावी.

‘आमच्या संकुलात बाग आहे, खेळण्याची जागा आहे, रखवालदार आहे, आमची मुले सुरक्षित आहेत,’ असे सांगणारेही पुष्कळ. मी या कुटुंबांना दोष देत नाही. बाहेर काहीच नसेल तर माणसे आत सोय करणारच. परंतु भिंतीच्या आतली बाग ही नगराची बाग नव्हे. त्या बागेत सकाळी घरकामाला येणाऱ्या बाईच्या मुलाला प्रवेश नसतो. तेथे वाढणाऱ्या मुलाला आपल्याच उत्पन्नगटातली, आपल्यासारखीच बोलणारी मुले भेटतात. जग असेच असते, असे त्याला वाटू लागते. ज्या जखऱ्या संदेष्ट्याने रस्त्यांत खेळणारी मुले पाहिली, त्यानेच दुसऱ्या अध्यायात यरुशलेम तटबंदीवाचून वसेल असेही सांगितले आहे. हे दोन्ही दृष्टान्त एकाच ग्रंथात असावेत हा योगायोग नव्हे. भिंत उंच झाली की बाहेरच्या रस्त्याची काळजी घेणारा कुणी उरत नाही, रस्ता अधिक असुरक्षित होतो, आणि मग भिंत आणखी उंच करावी लागते.

कुटुंबाला नगराकडून जागेइतकीच आणखी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे वेळ. विरारहून चर्चगेटचे अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे. जलद लोकलनेही सव्वा तासाच्या वर वेळ लागतो. घर ते स्टेशन, फलाटावरची प्रतीक्षा, पुढचा प्रवास हे सारे धरले तर जाण्यायेण्यात रोजचे चार तास जातात. पहाटे निघालेला बाप रात्री परततो तेव्हा मूल झोपलेले असते. नोकरी करणारी आई गर्दीच्या डब्यात उभ्याने भाजी निवडते. घरी कुटुंबप्रार्थना होत नाही, एकत्र जेवण होत नाही, म्हणून आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून कुटुंबांना उपदेश करतो. उपदेश योग्यच आहे. परंतु प्रार्थनेचा तो अर्धा तास दहिसर आणि अंधेरीच्या दरम्यान रोज हरवतो, हेही त्याच व्यासपीठावरून बोलले गेले पाहिजे. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गावर बहुतेक वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावीत आली आहेत. घराजवळ रोजगार असणे, गाड्यांची संख्या पुरेशी असणे, हे कुटुंबधर्माचेच प्रश्न आहेत. परमपीठाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत योग्य निवासाचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात घरे, सार्वजनिक वाहतूक आणि शहरातील मोकळ्या जागा यांचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. तेव्हा ‘फादर, तुम्ही आत्म्याचे पाहा, गटारांचे आम्ही पाहू’ असे म्हणणाऱ्यांनी ही कागदपत्रे एकदा अवश्य वाचावीत. गटाराचे झाकण नसल्यामुळे मूल आत पडते तेव्हा त्याचा आत्मा शरीरापासून वेगळा काढून बाजूला ठेवलेला नसतो.

मग करावयाचे काय? नेत्यांकडे बोट दाखविणे सोपे आहे, आणि ते दाखविलेच पाहिजे. २०२०नंतर पाच वर्षांहून अधिक काळ आपल्या महानगरपालिकेत नगरसेवक नव्हते. प्रशासकांनी कारभार पाहिला. या काळात पदपथाविषयी, मैदानाच्या आरक्षणाविषयी जाब विचारणारे आपण किती होतो? विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की त्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना नोंदविण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. प्रत्येक धर्मग्रामातील दहा-बारा जाणत्या माणसांनी तो नकाशा समोर ठेवून आपल्या हद्दीतील मैदान, बावखल, शाळा आणि नाला यांची जागा तपासावी आणि हरकत लेखी द्यावी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: ‘आमची दहा वर्षांची मुलगी शाळेत एकटी चालत जाऊ शकेल, यासाठी तुम्ही काय करणार?’ याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या उड्डाणपुलाच्या चित्राकडे पाहू नये.

काही गोष्टींसाठी तर पालिकेचीही वाट पाहावयास नको. आपल्या चर्चच्या आणि शाळांच्या आवारांत वसईतील कित्येक उत्तम मैदाने आहेत. शाळा सुटली की त्यांना कुलूप लागते. ही कुलपे संध्याकाळी निघाली पाहिजेत, आणि जातधर्म न विचारता वस्तीतल्या सर्व मुलांसाठी निघाली पाहिजेत. काच फुटेल, गलका होईल, देखरेखीला माणसे लागतील. हे सगळे होईल. निवृत्त झालेले आजी-आजोबा ओट्यावर एकाकी बसलेले आहेत आणि मुले घरात कोंडलेली आहेत. या दोघांना त्या मैदानावर एकत्र आणणे एवढेही आपल्याला जमणार नसेल, तर नगराच्या नावाने बोटे मोडण्याचा अधिकार आपण गमावला आहे. रविवारी जे जवळ राहतात त्यांनी मिस्साला पायी यावे. आपल्या मालकीचे बावखल ज्यांच्यापाशी उरले आहे, त्यांनी ते बुजवू नये. जमीन विकण्याची पाळी आलीच, तर तेथे काय उभे राहणार आणि त्याला परवानगी आहे काय, हे विचारल्यावाचून सही करू नये. कारण त्या भिंतींच्या आत कुणाचे तरी लेकरू झोपणार आहे.

आपण मुलांसाठी घरे घेतली, फी भरली, कर्जे काढली. हे सर्व करताना उंबऱ्याबाहेरचे जग मात्र आपण ठेकेदारांच्या हाती सोपविले. मूल घरात जन्मते. वाढते ते उंबऱ्याबाहेर. तो उंबरा ओलांडून त्याला पहिली शंभर पावले एकट्याने टाकता येत नसतील, तर आतल्या खोल्या कितीही मोठ्या असोत, ते घर त्याला अपुरेच पडणार.